वूफर, अ‍ॅम्प आणि बाबांचे कान

१६ जानेवारी, गुरुवार

गुरुवार, कंपनीची साप्ताहिक सुट्टी. बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, येताना ताथवड्याला कंपनीतल्या विकासकडे थांबलो. त्याची बदली झाली, गुजरातच्या प्लांटला. गाडी विकून चाललाय. म्हणाला, डिकीतला वूफर, तो बेसचा मोठा स्पीकर, तू घेऊन जा, नवीन मालकाला नकोय.

चालतो का ते दाखवायला त्यानं गाणं लावलं. ढोलकीचं काहीतरी. आम्ही दोघं बोलत उभे. बाबा डिकीच्या पत्र्याला हात टेकून, नेहमीसारखे आपल्यातच. आणि त्यांची बोटं पत्र्यावर चालायला लागली. ठेका धरून, बरोबर समेवर. विकासनं गाणं बदललं. बोटं थांबली, जरा अंदाज घेतला, नवीन ठेका धरला.

बाबांना ऐकू येत नाही. आयुष्य पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या प्रेस शॉपमध्ये गेलं, कान तिथंच राहिले. एके काळी कॉलनीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. कानाचं मशीन घेतलं होतं, ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात.

घरी येऊन आईला म्हणाले, "आज ऐकलं मी."
आई म्हणाली, "काय ऐकलं?"
ते मात्र त्यांना ऐकू आलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

फर्स्ट शिफ्ट. जेवणाच्या सुट्टीत विकासला विचारलं, वूफरला ताकद देणारा अ‍ॅम्प कुठाय? म्हणाला, तो वेगळा विकला, अ‍ॅम्पशिवाय वूफर म्हणजे नुसता खोका. मग आता कुठला घ्यायचा? म्हणाला, "वूफरच्या मागं बाराशे वॅट लिहिलंय राव. हजाराचा बघ कुठला तरी."

वूफरच्या मागे पाहिलं. बाराशे मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात तीनशे, चार ओहम. दोन आकडे कशाला? इंटरनेटवर एक जण म्हणतो अ‍ॅम्प वूफरपेक्षा मोठा हवा, दुसरा म्हणतो छोटाच हवा, तिसरा सारखाच. तिघंही ठाम.

बायकोला, सुजाताला, सांगितलं. म्हणाली, "तुला गाणी ऐकायला वेळ कुठाय?"
म्हटलं, बाबांसाठी.
"त्यांनी मागितलं का?"
नाही मागितलं.

२३ जानेवारी, गुरुवार

नवा अ‍ॅम्प घेऊन वूफर आमच्या गाडीत बसवला एकदाचा. चाकण रोडवरच्या दुकानात. मुद्दाम विचारलं, अ‍ॅम्प हजाराचा आणि वूफर बाराशेचा, चालेल ना? दुकानदार म्हणाला, "साहेब, अ‍ॅम्प कमी आहे म्हणजे सेफ. जास्त असता तर जळला असता." पटलं. कमी पाणी सोडलं तर पाइप कसा फुटेल?

गिअरपाशी एक नॉब दिलाय, बेस कमी-जास्त करायला. अ‍ॅम्पवर आणखी एक स्क्रू आहे, त्याला गेन म्हणतात. तो काय करतो विचारलं तर म्हणाला, तो आम्ही सेट केलाय, हात लावू नका.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन झाल्यावर सगळे देहूरोडकडे गेलो. बाबा पुढे, आई आणि सुजाता मागे. मी एक जुनं लोकगीत लावलं आणि नॉब अर्ध्यावर ठेवला. बाबांनी आधी पाय सरळ केले. मग तळहात दारावर ठेवला. मग डोळे मिटले.

दुसरं गाणं नवीन होतं, रिमिक्स. बाबांनी लगेच डोळे उघडले. "ह्यो माणूस न्हाई वाजवत. मशीन हाय." मी खुणेनं विचारलं, कसं कळलं? "माणूस जरा मागंपुढं हुतो. ह्यो हूत न्हाई."

किती दिवसांनी एवढं बोलले. येताना संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या पार्टीतल्या लोकांबद्दल सांगत होते. पेटीवाल्याचा कुणाशी तरी झालेला वाद. आई मागून दुरुस्त्या करत होती, त्यांना ऐकू जात नव्हत्या, तरी ती करत होती. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते, पण हसत होती.

मोशीला फ्लॅट घेऊन त्यांना इकडं आणलं तेव्हापासून असे दिसले नव्हते. तिथं, जुन्या कॉलनीत, ओट्यावर चार जण असायचे. बोलणं ऐकू आलं नाही तरी बसता यायचं. इथं लिफ्ट आणि वॉचमन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा रोज संध्याकाळी चावी मागतात. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसतात. गाडी चालू करत नाहीत, फक्त टेप. काल बॅटरी उतरली, आज सकाळी दोघांनी गाडी ढकलून चालू केली.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी बोलावलं. चांगला माणूस आहे, पण वरच्या मजल्यापर्यंत भांडी थरथरतात म्हणाला. "काका आहेत म्हणून कोणी बोलत नाही." म्हटलं, गाडी बाहेर लावतो.

आता ओव्हरटाइम नसेल तर मी घरी आल्यावर त्यांना नदीच्या रस्त्याला घेऊन जातो. इंद्रायणीच्या अलीकडं मोकळं आहे, एक शेत राहिलंय कोणाचं तरी. मी बाहेर उभा राहून फोनवर बोलतो, ते आत. काच वर. बाहेरून फक्त नंबर प्लेट खडखडते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुजाता मागे लागली म्हणून बाबांची कानाची तपासणी. ती स्वतः लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट असल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

बाबा काचेच्या केबिनमध्ये हेडफोन लावून बसले. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ हात हललाच नाही. मी बाहेरून बघत होतो. मग एकदम दाबलं, पुन्हा दाबलं.

तपासणाऱ्या मॅडमनी आलेख दाखवला. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत. त्यात माणसाचं बोलणंही आलं, अक्षरं कळत नाहीत. खालच्या पट्टीतलं थोडं शिल्लक आहे. "ते तेवढं जपा."

मी वूफरबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आनंद मिळतोय ते चांगलंच आहे, पण मोठा आवाज खालच्या पट्टीतला असला तरी तो मोठाच. हळू आणि थोडा वेळ. मी विचारलं, हळू म्हणजे किती? मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप टाकलंय, गाडी हादरत असताना ते साध्या बोलण्याइतकाच आकडा दाखवतं. म्हणाल्या, मोबाईल खालचे आवाज नीट धरत नाही, त्यावर जाऊ नका.

मग कशावर जाऊ?

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुजातानं नॉबवर लाल नेलपॉलिशची खूण केली. अर्ध्याच्याही जरा अलीकडे. मी मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून बाबांना दाखवलं. याच्या पुढे न्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, उरलेलं ऐकणं जाईल. त्यांनी वाचलं. "बरं" म्हणाले.

आईचं वेगळंच. "जयंतीला डीजेच्या पुढं उभं ऱ्हातात तवा न्हाई कुनी अडवत."
सुजाता म्हणाली, "तो एक दिवस असतो, आई. हे रोजचं आहे."
"रोजचं हाय म्हनूनच म्हनते."
दोघींचं बरोबर वाटतं. हाच माझा प्रॉब्लेम आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वूफर जळाला.

नदीच्या रस्त्याला होतो. मी बाहेर. बाबांनी दार उघडलं, म्हणाले, "आवाज फाटला." मला तर बाहेर काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. आत वाकलो तर जळका वास, प्लास्टिक नाही, वार्निश जळल्यासारखा. डिकी उघडली. वूफरच्या मधल्या भागाला हात लावला आणि काढून घेतला, इतका तापलेला. वायर काढून टाकली.

विकासला गुजरातला फोन. म्हणाला, "बाराशेचा वूफर हजाराच्या अ‍ॅम्पनं कसा जळंल राव? काहीतरी वायरिंग असंल." चाकण रोडच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, वूफरच जुना होता. अ‍ॅम्प बघा, चालू आहे. खरंच चालू आहे.

कमी ताकदीनं जास्त ताकदीचं जळलं. हे कुठल्या हिशोबात बसतं?

 घरी आल्यावर चप्पल काढता काढता बाबा म्हणाले, "माझ्यामुळं झालं का?" मी नाही म्हणून मान हलवली. माहीत नसताना.

६ मार्च, गुरुवार

पिंपरीत सलीमभाई म्हणून आहेत, स्पीकर दुरुस्त करतात. छोटं दुकान, बाहेर सुकत ठेवलेले स्पीकरचे कागदी कोन. वूफर आणि अ‍ॅम्प दोन्ही घेऊन गेलो.

त्यांनी वूफरच्या आतली तारेची कॉइल बाहेर काढून दाखवली. काळी पडलेली, एका ठिकाणी वेटोळे सुटलेले. मग अ‍ॅम्प पालथा केला. "हजार लिहिलंय ना? तो क्षणभराचा आकडा. एक धक्का देईल तेवढा. सारखा चालवला तर चार ओहमला दीडशेसुद्धा नीट देत नाही. तुमच्या वूफरचे बाराशेही तसेच, खरे तीनशे."

म्हणजे दीडशेच्या अ‍ॅम्पनं तीनशेचा वूफर. मग तर जळायलाच नको होता.

सलीमभाईंनी वहीच्या पानावर डोंगर-दरी काढली. आवाज असा गोल वर जातो, गोल खाली येतो. अ‍ॅम्पची ताकद संपली आणि आपण आणखी पिळलं की डोंगराचं टोक कापलं जातं. सपाट. मग अ‍ॅम्पमधून दीडशेच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट बाहेर पडतं, तेही सलग, मध्ये दम न घेता. कॉइल तापत जाते. "ऐकताना वाटतं आवाज वाढत नाहीये. म्हणून माणूस आणखी वाढवतो."

निम्मं समजलं. त्यांच्यासमोर मान हलवली, बाहेर आल्यावर परत शून्य.

निघताना म्हणाले, "गेन शेवटपर्यंत होता, आणि तुम्ही म्हणता नॉब अर्ध्यावर. अर्ध्या नॉबवर कॉइल अशी जळत नाही, भाऊ. गाडीत कोण बसतं?"

८ मार्च, शनिवार

सेकंड शिफ्ट, सकाळी वेळ होता. गाडीत जाऊन नॉब बघितला. नेलपॉलिश तसंच आहे, पण नॉब पार शेवटाला. त्या दिवसापासून कोणी हात लावलेला नाही.

बाबांना लिहून विचारलं. खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "आधी कमीत लागायचं. मग लागंना. मग वाढवलं."

मी लिहिलं : केव्हापासून?

"सावकाश."

हे ऐकून काय समजायचं? कॉइल हळूहळू जळत होती म्हणून आवाज कमी झाला, म्हणून बाबांनी वाढवलं? की बाबांचं ऐकणं कमी होत गेलं, म्हणून त्यांनी वाढवलं, म्हणून कॉइल जळाली? दोन्हीकडून कथा जुळते. कंपनीत एखादा पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही कारणाच्या मागे जातो, का, मग ते का, मग ते का. इथं दुसऱ्या 'का'लाच रस्ता फुटतो.

२० मार्च, गुरुवार

पुन्हा तपासणी. आईला सांगितलं, रुटीन आहे.

खालच्या पट्टीतली रेघ आणखी खाली आलीय. फार नाही, पण मॅडमनी दोन कागद एकावर एक ठेवले आणि उजेडाकडे धरले तेव्हा मला स्पष्ट दिसलं.

विचारलं, वूफरमुळे?
"सांगता येत नाही. वय आहे, जुनं नुकसान आहे, त्या दिवशी सर्दी असेल तरी फरक पडतो. आवाजामुळेही असू शकतं."
"पण अंदाज?"
"मी अंदाज सांगितला तर तुम्ही तो धरून बसाल."

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी आलो तर म्हणाले, "पास का?" मी अंगठा वर केला. का केला ते मला माहीत नाही.

२२ मार्च, शनिवार

सुजाताला रिपोर्ट दाखवला. तिनं दोनदा वाचला. "आता परत बसवायचा नाही. विषय संपला." मग थोड्या वेळानं, "तू चांगल्यासाठीच केलंस, पण." रिपोर्ट फाइलला लावला.

आईलाही सांगितलं मग. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कान खराब झालं का?" म्हटलं, नक्की माहीत नाही, असेल. तिनं देठ बाजूला केले. "महिनाभर मानूस घरात बोलत हुतं, मिलिंद. सकाळी उठून मला सांगायचे, काल काय काय वाजलं ते. आता परत भिताडाकडं तोंड करून बसत्यात." मग म्हणाली, "मला इचारशील तर बसव. पन माझं ऐकू नको. मी डॉक्टर न्हाई."

संध्याकाळी सलीमभाईंचा फोन, वूफर तयार आहे. नवीन कॉइल, नवीन कोन. मी दुरुस्तीला टाकलाच कशाला होता? त्या दिवशी ठरवलं नव्हतं काहीच. सवयीनं टाकला बहुतेक. बिघडलं की दुरुस्त करायचं.

३ एप्रिल, गुरुवार

आणायला म्हणून गेलो आणि बसवून आलो. सुजाताला फोनवर सांगितलं. ती "हं" म्हणाली.

या वेळी अ‍ॅम्प खरा तीनशेचा, चार ओहमला, सारखा चालणारा. सलीमभाईंनी जुनी वायर फेकून दिली. "ही बारीक होती. अ‍ॅम्प उपाशी, त्यात वायर बारीक." जाड वायर टाकली, बॅटरीजवळ फ्यूज. मग वूफरची वायर सोडून टेपवर एक सलग घुमणारा सूर लावला, टेपचा आवाज पाऊण, नॉब पूर्ण, आणि अ‍ॅम्पच्या तोंडाशी मल्टिमीटर. गेनचा स्क्रू केसभर केसभर फिरवत चौतीस व्होल्टच्या खाली थांबले. तीनशे गुणिले चार, त्याचं वर्गमूळ. हे मात्र मी स्वतः मोबाईलवर करून बघितलं, जुळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जुळलं.

"आता नॉब कितीही फिरवा, वूफर जळणार नाही."

वायर जोडून लावून बघितलं. आवाज पहिल्यापेक्षा मोठा आहे. स्वच्छ आणि मोठा. माझ्या छातीत बसला. मी म्हटलं, हे तर जास्त झालं. ते म्हणाले, "जास्त नाही, बरोबर झालं. आधी फाटका होता."

वूफरसाठी सुरक्षित झालं, म्हणजे बाबांसाठी जास्त धोक्याचं झालं. गेन आणखी कमी करा म्हटलं. केला त्यांनी. "किती कमी?" विचारत होते. मला सांगता येईना. "वूफरचं मला कळतं, भाऊ. वडिलांच्या कानाचं तुम्ही डॉक्टरांना विचारा." विचारलं होतं की.

६ एप्रिल, रविवार

आज सुट्टी घेतली. दुपारी बाबांना नदीच्या रस्त्याला घेऊन गेलो, दोघंच. ऊन होतं, झाडाखाली गाडी लावली. टेप लावायच्या आधी दोन्ही रिपोर्ट त्यांच्या हातात दिले. अंगठा वर केला होता, ते खोटं होतं, हेही लिहून दाखवलं.

बराच वेळ बघत होते. कंपनीत ड्रॉइंग बघायचे तसं, कागद लांब धरून. बोटानं जुनी रेघ, मग नवी.

"ही खाली आलीया."
मी मान हलवली.
"ह्याच्यामुळं?" मागे डिकीकडे बोट.
मी हात पसरले. माहीत नाही.
"तुला वाटतंय ह्याच्यामुळं."
हो म्हटलं. तोंडानं म्हटलं, त्यांना कळलं.

काच खाली केली त्यांनी. शेतात कोणीतरी पाइप लावत होतं, तिकडं बघत होते. मग म्हणाले, "प्रेसनं नेलं तवा कुनी इचारलं न्हवतं. सायब म्हनायचा कानात कापूस घाल. घातला." कानाला बोट लावलं. "ह्ये मी देतोय."

मी मोबाईल काढला, लिहिलं : मग आईचा आवाज पण जाईल. आत्ता मोठ्यानं बोलली की येतो थोडा. तो पण.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत वाचलं. बराच वेळ मोबाईल हातातच होता, स्क्रीन बंद झाली, तरी बघत होते.

मग मोबाईल परत दिला आणि काच वर केली. हात नॉबवर ठेवला, फिरवला नाही. माझ्याकडं बघत थांबले.

मी गाणं लावलं. नॉब त्यांच्या हातात होता. त्यांनी किती फिरवला ते मी बघितलं नाही, समोर रस्त्याकडे बघत बसलो. सीट थरथरायला लागली, पायाखालचा पत्रा. कमी होतं की जास्त, सांगता येत नाही मला. बाबांनी मध्येच एकदा हात हलवला, नॉब जरासा मागे फिरवल्यासारखं वाटलं. पुढेही फिरवला असेल.